गाईच्या कानात बिल्ला, गड्याची नोंद कुठे?

काही महिन्यांपूर्वी एक समाजबांधव कागदांनी भरलेली पिशवी घेऊन आमच्याकडे आले. वय ४२. एका हाताने कंबर धरलेली. खुर्ची पुढे केली तर म्हणाले, "उभाच राहतो साहेब, बसलो की उठवत नाही." अकरा वर्षे ते एका बड्या बागायतदाराच्या गोठ्यात कामाला होते. गोठ्यात चाळीस संकरित गाई. पहाटे साडेतीनला उठून शेण काढायचे, धारा काढायच्या, वैरण टाकायची. गाय अडली तर हात घालून वासरू ओढायचे. वार पडली की उचलून उकिरड्यावर टाकायची. एखादी गाय गाभडली तर पडलेला गर्भ पोत्यात घालून ओढ्याकाठी टाकून यायचे. हातमोजे त्यांनी फक्त जनावरांच्या डॉक्टरांच्या हातात पाहिलेले.

दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, रात्री घामाने अंथरूण भिजायचे, सकाळी माणूस बरा. आठ दिवस ताप, आठ दिवस बरे, पुन्हा ताप. मग गुडघा सुजला, कंबर धरली. गावच्या डॉक्टरांनी आधी मलेरियाच्या गोळ्या दिल्या, नंतर टायफॉईडच्या, त्यानंतर चिकुनगुन्या झाला असेल म्हणून वेदनाशामके. तालुक्याला कुणी वात म्हटले, कुणी मणक्याचा टीबी म्हटले. शेवटी मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि कागदावर शब्द उमटला : ब्रुसेलोसिस. तोवर मालकाने दुसरा गडी ठेवला होता. भरपाईचा विषय काढला तेव्हा मालकाचे उत्तर होते, "हा माझ्याकडे कामाला होता याचा पुरावा काय?"

हे सांगून ते बांधव आम्हाला म्हणाले, "साहेब, त्या गोठ्यातल्या एकेका गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे. कोणती गाय कधी भरली, कधी व्याली, कोणती लस टोचली, सगळं सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. माझं नाव कुठल्याच वहीत नाही."

आजच्या लेखाचा विषय हे एकच वाक्य आहे.

ब्रुसेलोसिस हा काही नवा रोग नाही. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून याचा जंतू शोधून काढला. म्हणून त्याला माल्टा ताप असेही नाव पडले. सैनिकांना तो कुठून होतो हे मात्र पुढची अठरा वर्षे कळले नाही. १९०५ साली थेमिस्टोक्लिस झमीत या माल्टाच्याच डॉक्टरने दाखवून दिले की वरून धडधाकट दिसणाऱ्या शेळ्यांच्या अंगात हा जंतू असतो आणि त्यांच्या कच्च्या दुधातून तो माणसात येतो. त्याआधी १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी गाईंच्या सांसर्गिक गर्भपाताचा जंतू शोधला होता. हे दोन्ही जंतू एकाच कुळातले असल्याचे पुढे सिद्ध झाले.

हा जंतू गाभण जनावराच्या गर्भाशयात वाढतो. बहुधा गाभणकाळाच्या उत्तरार्धात गाय गाभडते. पडलेला गर्भ, वार आणि त्यासोबतचे पाणी यांत जंतूंची संख्या अफाट असते. हाताला साधी चीर असली, त्या हाताने डोळा चोळला, गोठा झाडताना उडालेले तुषार श्वासात गेले, तरी लागण होऊ शकते. माणसाकडून माणसाला हा रोग सहसा होत नाही. तो होतो जनावराकडून, आणि जनावराच्या सर्वांत जवळ जो असतो त्याला होतो.

अंगात शिरल्यावर हा जंतू पेशींच्या आत दडून बसतो आणि सांध्यांवर घाव घालतो. माकडहाड आणि कटीचे हाड जिथे जुळते तो सांधा, पाठीचे मणके, गुडघा, खुबा ही त्याची नेहमीची ठिकाणे. पुरुषांना वृषणाला सूज येते आणि लाजेपोटी ते सांगत नाहीत. गर्भवती स्त्रीला गर्भपाताचा धोका असतो. रोगाने माणूस क्वचितच मरतो, पण ज्या कमरेच्या आणि गुडघ्याच्या जोरावर मजुराच्या घरची चूल पेटते, तीच कंबर आणि तोच गुडघा तो निकामी करतो. ज्याच्याकडे अंगमेहनतीशिवाय दुसरे भांडवल नाही, त्याचे भांडवलच लुटले जाते.

विशेष म्हणजे हा रोग बरा होतो. दोन प्रतिजैविके एकत्र, किमान सहा आठवडे, आणि मणक्यात शिरला असेल तर तीन महिने किंवा त्याहून जास्त, अशी उपचाराची जगन्मान्य पद्धत आहे. औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. उपचार अर्धवट सोडला की रोग उलटतो. मग आमच्या बांधवाची दोन वर्षे का गेली? कारण या दोन वर्षांत भेटलेल्या एकाही डॉक्टरने "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न विचारला नाही. पिशवीतला प्रत्येक केसपेपर आम्ही पाहिला. नाव आहे, वय आहे, काही ठिकाणी धर्मही आहे. व्यवसायाची जागा कोरी आहे.

मणक्याच्या टीबीशी होणारी गफलत तर फार घातक आहे. दोन्ही रोगांत ताप, घाम, पाठदुखी, वजन घटणे ही लक्षणे सारखीच. टीबीवरचे रिफाम्पिसिन हे औषध ब्रुसेलोसिसवरही चालते. त्यामुळे टीबीच्या गोळ्यांनी रोग्याला थोडा आराम पडतो, डॉक्टरांना वाटते निदान बरोबर आहे, आणि खरा रोग आत धुमसत राहतो. रोझ बेंगॉल नावाची प्राथमिक तपासणी काही मिनिटांत होते. तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. पण ती तालुक्याच्या रुग्णालयात मागायची कुणी? ज्याला रोगाचे नाव ठाऊक नाही तो तपासणी मागणार कशी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोठ्यात हात कुणाचा बरबटतो?

गाय मालकाची, दुधाचे बिल मालकाच्या खात्यावर, डेअरीच्या संचालकपदी मालक किंवा त्याचा भाऊबंद. वार उचलणारा, पडलेला गर्भ टाकणारा, मेलेले ढोर ओढणारा मात्र ठरलेला. गावगाड्याने ही वाटणी शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त सांगितले की जातिव्यवस्था ही नुसती कामाची विभागणी नसून ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे. त्या विश्लेषणाचा वैद्यकीय पुरावा हवा असेल तर गोठ्यात जावे. तिथे कामाबरोबर जंतूंचीही विभागणी झालेली दिसते.

बाबासाहेबांनी हा धोका ओळखला नव्हता असे कुणी समजू नये. मार्च १९२७ च्या महाड परिषदेतच मृतमांस सोडण्याचे आवाहन झाले. मेलेली ढोरे ओढणे सोडा ही चळवळ पुढे गावोगाव गेली. तेव्हा आमच्या हिताचा मोठा कळवळा आलेल्या काही मंडळींनी 'केसरी'त पत्रे लिहून हिशेब मांडला, की कातडे, शिंगे, हाडे, मांस यांचे मिळून वर्षाला पाचशे रुपये या लोकांना मिळतात आणि आंबेडकर त्यांचे नुकसान करीत आहेत. धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ही आठवण मुद्दाम सांगितली. त्यांचे उत्तर सरळ होते : एवढा फायदा असेल तर तुम्हीच ओढा, वर आणखी पाचशे रुपये मी देतो. कुणीही पुढे आले नाही.

त्या पाचशे रुपयांच्या हिशेबात एक रकाना नव्हता, तो माणसाच्या शरीराचा. कातड्याची किंमत धरली, शिंगांची धरली, ते सोलणाऱ्या हातांची धरली नाही. आजच्या धवलक्रांतीचा ताळेबंदही तसाच आहे. देश दूध उत्पादनात जगात पहिला आहे, याचा आम्हालाही अभिमान आहे. पण त्या ताळेबंदात सुजलेल्या गुडघ्यांची आणि वाकलेल्या कमरांची नोंद कुठे आहे?

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण आमच्या लिखाणाचा विपर्यास करण्यास काही लोक टपलेले असतात. हा फक्त बौद्धांचा किंवा दलितांचा रोग आहे असे आमचे म्हणणे नाही. जंतूला जात कळत नाही. शेळ्या-मेंढ्यांतून येणारा याचा प्रकार माणसाला अधिक त्रासदायक असतो आणि त्याचा पहिला मारा रानोमाळ फिरणाऱ्या धनगर बांधवांवर होतो. खाटीक, कुरेशी, ढोर, चर्मकार, मातंग या सर्वांचा जनावराच्या रक्तामांसाशी आणि कातड्याशी संबंध येतो. दोन म्हशींवर संसार चालवणारी कुणब्याची बाई स्वतःच शेण काढते आणि स्वतःच वार उचलते. जनावरांचे डॉक्टर आणि दवाखान्यातले परिचर यांनाही मोठा धोका असतो. म्हणूनच हा प्रश्न समस्त कष्टकरी बहुजनांचा आहे. आम्ही तो उचलतो, कारण गावगाड्याने ज्यांच्या माथी हे काम मारले त्यांची आम्ही लेकरे आहोत आणि या व्यवस्थेचे गणित आम्हाला लवकर कळते.

शासन काय करते ते पाहू. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरेत पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस हे दोन रोग लक्ष्य ठरले. पाच वर्षांसाठी १२,६५२ कोटी रुपये, तेही सगळे केंद्राचे. दरवर्षी ३ कोटी ६० लाख कालवडी-वगारींना ब्रुसेलोसिसची लस टोचायची, २०२५ पर्यंत रोग आटोक्यात आणायचा आणि २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करायचे, अशी उद्दिष्टे जाहीर झाली.

आमचा या लसीकरणाला विरोध नाही. किंबहुना ते अधिक काटेकोर व्हावे असेच आम्ही म्हणू, कारण जनावरातला रोग संपला तर माणसातला आपोआप संपेल. पण ही लस चार ते आठ महिने वयाच्या मादी वासरांना एकदाच दिली जाते. आज दावणीला बांधलेल्या बाधित गाई तशाच राहतात. बाधित गाय एकदा गाभडली की पुढची वेते बहुधा नीट होतात, मालकाला वाटते गाय सुधारली. प्रत्यक्षात तिच्या वारेतून आणि दुधातून जंतू बाहेर पडतच असतो. म्हणजे रोग हटेपर्यंत गड्याला अनेक वर्षे त्याच गोठ्यात राबायचे आहे. शिवाय ही लस जिवंत जंतूची आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली तर टोचणाऱ्यालाच रोग होऊ शकतो. कालवडीला लस आहे, तशी माणसासाठी लस आपल्याकडे उपलब्ध नाही. मग निदान वर्षातून एकदा गोठ्यातल्या मजुराच्या रक्ताची तपासणी व्हायला नको का? १२,६५२ कोटींत गाईच्या कानातला बिल्ला बसतो, तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या रक्ताचा एक थेंब बसत नाही.

यामागचे कारण आम्हाला असे दिसते. दूध उकळले की हा जंतू मरतो. डेअरीत ७२ अंशांवर पंधरा सेकंद तापवले तरी मरतो. आपल्याकडे घरोघरी दूध उकळूनच पितात. त्यामुळे शहरात पिशवीतले दूध घेणारा मध्यमवर्ग या रोगापासून बव्हंशी सुरक्षित आहे. दूध पिणाराला धोका असता तर वर्तमानपत्रांची पहिली पाने भरली असती. धोका दूध काढणाराला आहे, म्हणून बातमी आतल्या पानावरही नाही.

जिथे तपासणी झाली तिथे काय दिसले? चीनमधील लांझोऊ शहरात २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये याच रोगाची पशुलस बनवणाऱ्या कारखान्यात मुदत संपलेले जंतुनाशक वापरले गेले आणि जंतू हवेतून बाहेर पडले. सप्टेंबर २०२० पर्यंत २१,८४७ लोकांची तपासणी झाली आणि ३,२४५ जणांना लागण झाल्याचे निश्चित झाले. त्याआधी हार्बिन येथील कृषी विद्यापीठात डिसेंबर २०१० मध्ये तपासणी न केलेल्या चार शेळ्या प्रयोगासाठी वापरल्याने २७ विद्यार्थी आणि एका शिक्षकाला लागण झाली. विद्यापीठाला जाहीर माफी मागावी लागली आणि नुकसानभरपाई द्यावी लागली. चीनची राज्यव्यवस्था काही आमचा आदर्श नाही. मुद्दा इतकाच, की शोधले म्हणून रोगी सापडले. आपल्या गोठ्यांत शोधतच नाही, म्हणून रोगी नाहीत, आणि रोगी नाहीत म्हणून प्रश्नच नाही, असा हा सरकारी तर्क आहे.

आता कायद्याचे बोलू, कारण तो आमचा विषय आहे. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण या बाबतीत कायदा मुका नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोगांची अनुसूची होती आणि जनावरांपासून होणारी काळपुळी तिच्यात सुरुवातीपासून होती. पुढे या अनुसूचीच्या 'अ' भागातली पहिलीच नोंद व्यापक झाली. जनावरे, त्यांची मृत शरीरे, त्या शरीरांचे भाग किंवा त्यांच्यामुळे दूषित झालेला माल हाताळण्याच्या कामातून जडणारे संसर्गजन्य रोग तिच्यात आले. असा रोग अशा कामात जडला तर तो कामावरचा अपघातच मानायचा, आणि तो कामामुळे झाला नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर, अशी कायद्याची रचना. २००० सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक कामगाराला वगळणारे शब्दही काढून टाकले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि रोगांची ती नोंद संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत कायम आहे.

रक्कम किती होते तेही पाहा. १९२३ च्या कायद्याच्या सूत्राप्रमाणे कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या अंकाने गुणायचे. चाळीस वर्षे वयाला तो अंक १८४.१७ आहे. महिना दहा हजार वेतन धरले तर ही रक्कम ११,०५,०२० रुपये होते. कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी घटली असे डॉक्टरने प्रमाणित केले तर ३,३१,५०६ रुपये. ही भीक नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. तरीही गोठ्यातल्या गड्याने या नोंदीखाली दावा लावल्याचे प्रकरण आमच्या इतक्या वर्षांच्या वकिलीत याआधी आमच्या हाती आले नव्हते.

याचे कारण दारातच तीन कुलपे आहेत. पहिले कुलूप निदानाचे. रोगाचे नावच कागदावर येत नाही. दुसरे कुलूप नोंदीचे. हजेरी नाही, पावती नाही, पगार रोख, तोही उचल कापून. तिसरे कुलूप व्याख्येचे. मालकाचा वकील उभा राहून म्हणतो, हा शेतीतला गडी, कायद्याच्या यादीतला कामगार नव्हे. यांत्रिक शक्तीवर किंवा विजेवर चालणाऱ्या साधनांनी होणारी शेती जुन्या कायद्याच्या यादीत होती. म्हणून कडबाकुट्टी विजेवर चालते, धारा काढण्याचे यंत्र विजेवर चालते, हे आम्हाला वीजबिल दाखवून सांगावे लागते. हातापायाने राबणाऱ्या माणसाला न्यायासाठी यंत्राचा आधार घ्यावा लागतो, ही या देशातील शेतमजुराची कायदेशीर अवस्था आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. अदारकर यांच्या अहवालाने कामगारांच्या आरोग्य विम्याचा पाया घातला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आज डेअरीच्या कारखान्यात दूध पिशवीत भरणारा कामगार त्या विम्याखाली येतो. तेच दूध गोठ्यात काढणारा येत नाही. एकाच दुधाच्या वाटेवरचे हे दोन कामगार, एकाला कार्ड आणि एकाला नशीब. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ङ) ने कामगारांच्या आरोग्याचा आणि ताकदीचा दुरुपयोग होऊ नये हे राज्याचे धोरण ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात कामगाराचे आरोग्य हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ॲस्बेस्टॉसला एक न्याय आणि वारेला दुसरा, असे चालणार नाही.

गाईच्या राजकारणाबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ ची आठवण आम्हाला दररोज करून दिली जाते, ३९ (ङ) ची कुणी करून देत नाही. २००९ च्या केंद्रीय पशुरोग प्रतिबंधक कायद्यात ब्रुसेलोसिसचा समावेश आहे. मालकाने रोग कळवावा, बाधित जनावर वेगळे ठेवावे, मृत शरीराची शास्त्रीय विल्हेवाट लावावी, इतकेच काय गरज पडल्यास जनावराला वेदनारहित मरण द्यावे, अशा तरतुदी आहेत. गोठ्यात राबणाऱ्याच्या भरपाईचे कलम त्यात नाही. आणि आजच्या वातावरणात बाधित गाईला मरण देण्याची हिंमत कोणता अधिकारी करील? महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्याबंदी होतीच, २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. परिणामी मालक बाधित गाय गुपचूप बाजारात विकतो आणि रोग दुसऱ्या गावच्या गोठ्यात जातो. गाय पवित्र, तिचे मूत्र पवित्र, पण तिची वार उचलायची वेळ आली की गोभक्तांचा पत्ता नसतो.

मेलेले ढोर सोलणाऱ्याच्या वाट्याला तर जंतूबरोबर जमावही येतो. ऑक्टोबर २००२ मध्ये हरियाणातील दुलिना येथे पाच दलितांना पोलीस चौकीजवळ ठेचून मारले. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेली गाय सोलणाऱ्या तरुणांना उघडे करून मारहाण झाली. त्यानंतर गुजरातच्या दलित बांधवांनी मेलेली जनावरे सरकारी कचेऱ्यांसमोर नेऊन टाकली आणि हे काम आता तुमचे तुम्ही करा असे ठणकावले. महाडची हाक नव्वद वर्षांनी गुजरातेत पुन्हा ऐकू आली.

आणि याही बाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मेलेले जनावर वाहायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला लावणे हा ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३ (१) (झ) खाली गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. पडलेला गर्भ हेही मृत जनावरच आहे असा आमचा युक्तिवाद आहे आणि संधी मिळेल तिथे तो आम्ही न्यायालयात मांडू.

भाषणे खूप झाली. आता कामाचे बोलू.

पहिली गोष्ट, पंधरा दिवसांहून जास्त काळ चढउतार होणारा ताप, रात्रीचा घाम आणि कंबर-गुडघ्याचे दुखणे असेल तर डॉक्टरांना स्वतः होऊन सांगा, "मी जनावरांत काम करतो, माझी ब्रुसेलाची तपासणी करा." केसपेपरवर आपले काम लिहून घ्या. ती एक ओळ उद्याच्या दाव्याचा पाया आहे. औषध सुरू झाले की पुरे करा, मध्येच सोडू नका.

दुसरी गोष्ट, उघड्या हाताने वारेला आणि पडलेल्या गर्भाला शिवू नका. हातमोजे, गमबूट, तोंडाला मास्क हे मालकाने द्यायचे आहे, मजुराने विकत घ्यायचे नाही. वार आणि गर्भ खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला पाहिजे, ओढ्याला नव्हे. धारोष्ण दुधाचे कौतुक सोडा, लेकरांना उकळलेलेच दूध द्या.

तिसरी गोष्ट, पुरावा. पगार शक्य तर खात्यावर किंवा मोबाईलवरून घ्या. डेअरीवर दूध घातल्याच्या पावत्या, डॉक्टर आले त्या दिवसाच्या चिठ्ठ्या, मालकाचे निरोप जपून ठेवा. ई-श्रम नोंदणीत आपले काम पशुपालनातील मजूर असे स्पष्ट लिहा. दाव्याला मुदत असते, म्हणून निदान झाल्याबरोबर वकील गाठा.

चौथी गोष्ट संघटनांसाठी. आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी मोफत व्हावी. गोठ्यात बाधित गाय सापडली की त्याच दिवशी तिथल्या सर्व माणसांची तपासणी व्हावी. आणि गाईच्या बारा आकडी क्रमांकाशेजारी तिची निगा राखणाऱ्याचे नाव नोंदवावे. ही तिसरी मागणी ऐकून एक अधिकारी हसले. आम्ही हसलो नाही.

भगवान बुद्धांनी एका आजारी भिक्खूला स्वतःच्या घाणीत पडलेले पाहिले तेव्हा आनंदाला सोबत घेऊन स्वतः त्याला धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि मग संघाला विचारले की याची सेवा कुणी का केली नाही? आपण त्या परंपरेचे लोक आहोत. दर रविवारी विहारात वंदना होते. वंदना झाल्यावर अर्धा तास काढून वस्तीत कोण-कोण गोठ्यात, शेळ्यांत, कत्तलखान्यात, कातड्यात काम करते आणि त्यांतल्या कुणाची कंबर धरली आहे याची यादी करायला काय हरकत आहे? सरकार वही घालत नसेल तर आपण घालू.

त्या बांधवाचा दावा आम्ही दाखल केला आहे. मालकाने लेखी म्हणण्यात त्यांना ओळखतच नाही असे सांगितले. आम्ही गाईंच्या नोंदी मागवल्या. त्यांपैकी काही रेतनाच्या चिठ्ठ्यांवर, जनावर धरणाऱ्याची सही म्हणून, एक अंगठा उमटलेला आहे. तो अंगठा कुणाचा, हे आता न्यायालय ठरवील.